इद्रिसभाईंचा राखून ठेवलेला निकाल

इद्रिसभाई कमरेला पट्टा लावत नाहीत. घड्याळ मनगटावर बांधत नाहीत, ते खिशात असतं. त्यांच्या सदऱ्याची बटणं बाहेरून दिसत नाहीत. कापडी पट्टीखाली दडवून शिंप्याकडून खास शिवून घेतलेली असतात. आणि कुठल्याही गाडीत, मग ती परक्याची का असेना, पाय ठेवण्याआधी ते चपला काढून हातात घेतात. गावात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, हे कुठल्यातरी पंथाचे असावेत. पंथच आहे म्हणा, पण सबंध रायगड जिल्ह्यात त्या पंथाचे ते एकटेच आहेत.

आमचं गाव दिवेआगर सोडून दिघीच्या रस्त्याला लागलं की येतं. मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवतो आणि इद्रिसभाई माझे शेजारी. आमच्या दोघांच्या वाड्यांच्या मधे एक चिऱ्याचा गडगा आहे, त्यावर कोपर टेकून आम्ही जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो, असं मी म्हटलं असतं. पण बोलतात ते आणि विषय एकच असतो.

इद्रिसभाई सत्तावीस वर्षं आखातातल्या एका बंदरावर ड्रायव्हर होते. आता आखातातून आलेले ड्रायव्हर आमच्या किनाऱ्याला पैशाला पासरी आहेत. कुणी शेखची गाडी चालवली, कुणी पाण्याचा टँकर. इद्रिसभाईंचं काम निराळं होतं. परदेशातून नव्या गाड्यांनी भरलेली जहाजं यायची. त्या जहाजाच्या पोटात शिरायचं, गाडी चालू करायची, उतारावरून खाली आणायची आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या पटांगणात रांगेत लावायची. दोन गाड्यांच्या आरशांमधे अंतर एक वीत, कमी नाही, जास्त नाही. चावी आत ठेवून उतरायचं, चालत व्हॅनपाशी जायचं, व्हॅन परत जहाजाकडे नेणार. पुन्हा दुसरी गाडी. दिवसाला तीस, कधी चाळीस. पट्टा, घड्याळ, बटण लागून रंगाला ओरखडा आला किंवा आत चपलेचा डाग उमटला तर नोकरी खलास. शेजारी माणूस बसवला तरी नोकरी खलास.

"मास्तर, जगातली एक कंपनी ऱ्हायली न्हाय," ते सांगतात. "समद्या चालवल्या. झिरो किलोमीटर."

हे खरं आहे. जगातली प्रत्येक गाडी त्यांनी चालवली आहे आणि कुठलीच अर्ध्या किलोमीटरच्या वर चालवलेली नाही. तिसरा गिअर त्यांनी फार क्वचित पाहिला असेल. पण गाडी पारखणं म्हणजे पहिल्या अर्ध्या किलोमीटरचंच काम, असं त्यांचं ठाम मत आहे. पुढचं सगळं रस्त्याचं आणि नशिबाचं.

गावी परत आले आणि त्यांनी दुकान टाकलं नाही, होमस्टे काढला नाही, बोट घेतली नाही. त्यांनी निकाल लावायला सुरुवात केली.

निकाल म्हणजे त्या वर्षी बाजारात आलेल्या नव्या गाड्यांमधून प्रत्येक वर्गातली पहिली निवडणं. त्यासाठी शनिवार-रविवारी ते दिघीच्या जेटीवर जातात. तिथून फेरीबोट खाडीपलीकडे आगरदांड्याला जाते, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची ही लांब रांग लागते. इद्रिसभाई त्या रांगेतून फिरतात. एखादी नवी गाडी दिसली की काचेशी वाकून अदबीनं म्हणतात, "साहेब, जरा दरवाजा लावून दावता?"

साहेब चक्रावतात. पण इद्रिसभाईंची पांढरी दाढी आणि हातात घेतलेल्या चपला बघून बहुतेक जण दरवाजा लावून दाखवतात. इद्रिसभाई डोळे मिटून ऐकतात. "दरवाजा बोलतो, मास्तर. धप म्हनला तर घरंदाज. खण म्हनला तर डबा."

एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी छपराची काच सरकवून दाखवली. आत बसून आभाळ दिसतं, त्याचे जादा पैसे पडले, असं अभिमानानं सांगितलं. इद्रिसभाईंनी आत डोकावून वर पाहिलं आणि म्हणाले, "वादळात आमच्या समद्यांच्याच छपराला भोक पडलं होतं, साहेब. आमाला फुकटात दिसलं."

फेरीबोटीवर गाडी रिव्हर्समधे चढवावी लागते. ही इद्रिसभाईंची शेवटची परीक्षा. आतली मंडळी खाली उतरतात, चालवणारा एकटा मागे बघत बघत गाडी बोटीवर घेतो. तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. इद्रिसभाई जेटीवर उभे राहून वहीत टिपतात. कधीकधी शेरा असतो, "गाडी पास, साहेब नापास."

निकाल लागतो तो रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या पडवीत. वीसेक माणसं जमतात. त्यांच्या पत्नी खैरूनभाभी प्रत्येकाच्या हातात शीरखुर्म्याची वाटी देतात आणि इद्रिसभाई उभे राहून वही वाचतात. गाड्यांची नावं मी इथे लिहीत नाही, नाहीतर उरलेल्या कंपन्यांची माणसं माझ्या दारात उभी राहतील. पण शेरे सांगायला हरकत नाही.

लहान गाडी: "हिच्यात मास्तर मावतात, मास्तरांचा मोठेपना मावत न्हाय." डिकीवाली लांब गाडी: "चालते मखमल. पन आपल्या रस्त्यानं पोट खरवडून घेईल." उंच गाडी: "रुबाब हाय. चढायला म्हाताऱ्या मानसाला स्टूल लागंल, ते कंपनी देत न्हाय." सात सीटची: "मागल्या दोघांशी घरच्यांचं पटत नसंल त्यांनी घ्यावी." बॅटरीची: "गाडी पास. आपली लाईट नापास."

आणि सगळ्यात शेवटी एक वर्ग असतो, तो त्यांनी स्वतःच काढलेला आहे. त्याचं नाव 'घरची'. म्हणजे इद्रिसभाई स्वतः घेतील ती. तिथे आले की ते वही मिटतात.

"घरची. निकाल राखून ठेवलाय."

सहा वर्षं तो राखून ठेवलेला होता. हे वाक्य आलं की आत स्वयंपाकघरात भाभींच्या हातून एखादी वाटी जरा जोरात खाली ठेवली जायची. तो आवाज धपही नसायचा आणि खणही नसायचा, पण इद्रिसभाईंना तो बरोबर कळायचा.

पैशाचा प्रश्न नव्हता. सत्तावीस वर्षांत बाजूला पडलेलं होतं. प्रश्न काय होता हे कुणालाच समजत नव्हतं. आजूबाजूच्या पाच गावांत त्यांच्या सल्ल्यानं गाड्या आल्या. माझीसुद्धा आली. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. माणगावच्या शोरूममधे इद्रिसभाईंनी दारातच चपला काढल्या, तेव्हा तिथल्या पोरीला वाटलं, हे नमाजाची जागा शोधतायत. मग त्यांनी एकाच गाडीचा एकच दरवाजा सात वेळा लावला. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, लाल रंग हवा होता. इद्रिसभाई म्हणाले, "वहिनी, आपल्याकडचा खारा वारा लाल रंग पहिला खातो." आम्ही राखाडी घेतली. वैशाली अजून तिला 'चुलीतली' म्हणते.

त्या दिवशी एक गोष्ट घडली, ती तेव्हा मला शिष्टपणाची वाटली. सेल्समन म्हणाला, "चाचा, एक चक्कर मारून बघा," आणि शेजारच्या सीटवर बसला. इद्रिसभाईंनी स्टिअरिंगवर ठेवलेले हात काढून घेतले.

"शेजारी मानूस नको," ते म्हणाले.

"चाचा, नियम आहे. मला बसावं लागतं."

"मंग मास्तर चालवतील."

आणि ते उतरून बाहेर उभे राहिले. एवढा जाणकार, पण त्यानं चक्कर मारली नाही. मी वैशालीला म्हटलं, मोठ्या माणसांचे नखरेही मोठे असतात.

खैरूनभाभींचं माहेर खाडीपलीकडे, मुरुडच्या अलीकडच्या एका गावात. लग्न झाल्यापासून त्या माहेरी गेल्या त्या लाँचमधे उभ्यानं आणि पुढे रिक्षात, एक मूल कडेवर, एक हाताला धरून. नवरा तिकडून फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोत एक नवी कोरी गाडी आणि शेजारी हात मागे बांधून उभे इद्रिसभाई. भाभींनी ते सगळे फोटो एका आल्बममधे लावले आहेत. एकदा वैशालीला दाखवताना म्हणाल्या, "सत्तर गाड्या हायत ह्यात. मी बसले एकीत न्हाय."

नवरा कायमचा परत आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, आता गाडी घेतो, तुला माहेरी नेतो. त्याला सहा वर्षं झाली होती.

गेल्या वर्षी भाभींच्या भाचीचं, सायराचं लग्न ठरलं. सायराची आई म्हणजे भाभींची थोरली बहीण, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोर मावशीवरच जीव लावून होती, आणि मेंदीपासून पाठवणीपर्यंत आईच्या जागी मावशीनं उभं राहायचं होतं. निरोप घेऊन आलेल्या पाहुण्यांसमोरच भाभींनी नवऱ्याला सांगितलं, "ह्या लग्नाला मी आपल्या गाडीतनं जानार. न्हायतर जानार न्हाय."

भाभी सहसा आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नव्हता, म्हणून सगळे घाबरले. त्या न गेल्या तर लग्नात त्या पोरीच्या आईची जागा रिकामी राहणार होती.

पुढचे दोन महिने इद्रिसभाईंनी माणगाव ते पनवेल एकही शोरूम सोडलं नाही. रोज संध्याकाळी गडग्याशी येऊन मला कारणं सांगायचे. हिचं सीट खोल आहे, भाभींच्या गुडघ्यांना त्रास होईल. हिच्या आरशात डावी बाजू नीट दिसत नाही. हिचा वारा सरळ तोंडावर येतो. हिचा पट्टा गळ्याला घासेल. मी मास्तर माणूस, माझा संयम संपला.

"इद्रिसभाई, अख्ख्या तालुक्याच्या गाड्या निवडल्यात. एक स्वतःची निवडता येत नाही?"

"लोकांचं निराळं असतं, मास्तर."

"काय निराळं?"

त्यांनी गडग्यावरची एक सुकलेली शेवाळाची खपली नखानं काढली. "लोकांच्या गाडीत लोक बसतात," ते म्हणाले आणि घरात गेले.

लग्नाला दहा दिवस राहिले तेव्हा भाभींनी बुरखा चढवला, वैशालीला बरोबर घेतलं आणि माझ्या 'चुलीतली'तून मला माणगावला न्यायला लावलं. शोरूमच्या दारातच एक पांढरी गाडी उभी होती. भाभी तिच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या, पाय नीट केले आणि म्हणाल्या, "ही."

सेल्समननं विचारलं, "बाकीच्या नाही बघत?"

"बघितल्यात. सत्तर बघितल्यात."

"मग हीच का?"

"दाराजवळ हाय."

संध्याकाळी मी हे इद्रिसभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वही आणून उघडली. ती गाडी त्यांच्या निकालात तिच्या वर्गात तिसरी आली होती. "तिसरी, मास्तर," ते खचलेल्या आवाजात म्हणाले. "जगातली समदी गाडी मी चालवली, आन माज्या दारात तिसरी."

शोरूमच्या माणसानं गाडी घरी आणून सोडली. आठ दिवस ती अंगणात चादरीखाली उभी होती. इद्रिसभाई रोज चादर काढून ती पुसायचे आणि परत घालायचे. सीटवरचं प्लास्टिक काढायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. चालवली मात्र एकदाही नाही. परवाना तर पेणला जाऊन केव्हाच काढलेला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे त्यांची पांढरी, मागे आमची राखाडी. भाभी अंजिरी रंगाचा नवा सलवार-कमीजचा जोडा घालून डाव्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर सायराच्या आईच्या बांगड्यांची डबी. इद्रिसभाईंनी चपला काढून मागे ठेवल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि गाडी चालू केली. वेग इतका की आमच्या पुढून एक कोंबडी रस्ता ओलांडून गेली आणि परतही आली.

अर्धा किलोमीटर झाला. तिथे आमचं हायस्कूल लागतं. इद्रिसभाईंनी सिग्नल दिला आणि गाडी सरळ शाळेच्या पटांगणात घातली. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. पटांगणात मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता. इद्रिसभाईंनी त्याच्या उजव्या अंगाला गाडी अशी लावली की बघत राहावं. आरसा ते आरसा एक वीत. मग इंजिन बंद केलं, चावी आत ठेवली, उतरले, हलक्या हातानं दरवाजा लावला आणि अनवाणी, पाठीमागे हात बांधून, फाटकाकडे चालू लागले.

मी गाडीतून उडी मारली. "इद्रिसभाई! कुठं निघालात?"

ते थांबले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, तिथे कुठलीच व्हॅन नव्हती. मग माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू मागे वळून गाडीकडे पाहिलं. काचेच्या आत भाभी डबी धरून बसल्या होत्या. टेम्पो इतका जवळ होता की त्यांना दरवाजा उघडता येत नव्हता.

आम्ही नवरा-बायको हसलो हे मला कबूल केलं पाहिजे. वैशालीला तर उचकी लागली. पण इद्रिसभाईंचा चेहरा बघितला आणि आमचं हसू जागीच गेलं.

"सत्तावीस वर्षं, मास्तर," ते म्हणाले. "अर्धा किलोमीटर झाला की पाय आपोआप भायेर पडतात. आत मानूस असतं हे पायांना ठावंच न्हाय." मग काचेआडच्या भाभींकडे बघत म्हणाले, "गाडीला ओरखडा आला तर रंग मारता येतो. हिला माज्या हातनं काय झालं तर?"

सहा वर्षं राखून ठेवलेल्या निकालाचं कारण मला त्या पटांगणात कळलं. त्यांना शिष्ट समजल्याची मला फार लाज वाटली.

भाभींनी काच चार बोटं खाली केली. "ऐकलंत का? फेरी सुटंल."

ते येऊन बसले. दिघीपर्यंत कुठे थांबले नाहीत. जेटीवर भाभी खाली उतरल्या आणि आमच्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मास्तर, वाटेत एक शब्द बोलले न्हाईत. मी काय काय इचारलं. व्हय न्हाय, न्हाय न्हाय. माज्यासंगं बसायला एवढं जड जातं का ह्यांना?"

आम्ही तिघं चालत बोटीवर चढलो आणि कडेला उभे राहिलो. मी माझी गाडी आधीच चढवून खाली आलो होतो. आता इद्रिसभाईंचा नंबर होता. बोटीवरच्या खलाशानं शिट्टी मारली आणि पांढरी गाडी उलटी, संथपणे, एका रेषेत आमच्याकडे येऊ लागली. इद्रिसभाई मान वळवून मागे बघत होते. त्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर होता. आणि ते बोलत होते.

तोंड सारखं चाललेलं होतं. मधेच हसत होते, मधेच सीटकडे बघून मान हलवत होते. डावी काच भाभींनी उतरताना खालीच ठेवली होती. गाडी आमच्या शेजारी आली तसं सगळं ऐकू यायला लागलं.

"...घाबरू नको, खैरून, ही बोट हाय, जहाजाएवढा उतार न्हाय. तिकडं स्टेरिंग डावीकडं, तू उजवीकडं असायचीस, इकडं डावीकडं आलीस, म्हनून जरा गोंधळ होतो बघ. तिसरी आली तरी चांगली हाय गाडी. तुला वारा लागतो का? काच वर करू?"

वैशालीनं माझा दंड घट्ट धरला. दिवसाला तीस-चाळीस गाड्या आणि सत्तावीस वर्षं. गणित माझा विषय आहे, पण ते मी केलं नाही.

खलाशी ओरडला, "चाचा, अजून डावीकडं घ्या! दोन बाईक बसायच्या हायत!"

इद्रिसभाईंनी गाडी थांबवली. डाव्या बाजूला दरवाजा पुरता उघडेल एवढी जागा सोडली होती. आरशापासून वीत नाही, चांगलं हातभर.

"न्हाय घेत," ते म्हणाले. "मानूस बसायचं हाय."

भाभी पुढे झाल्या. त्यांनी दरवाजा उघडला, प्लास्टिक सावरून बसल्या आणि दरवाजा ओढून घेतला. इद्रिसभाई त्यांना बघून एकदम गप्प झाले, पोरासारखे समोर बघायला लागले.

"लागतो," भाभी म्हणाल्या.

"काय?"

"वारा. करा काच वर."

इद्रिसभाईंनी काच वर केली.